आधी टाकी मोजा, मग मीटर घ्या: पुणे परिसरातील गावयोजनांसाठी पाण्याच्या हिशोबाची पद्धत

पाणीवापराच्या नियमांची चर्चा सुरू झाली की ग्रामपंचायतीत पहिला ठराव होतो तो घरोघरी मीटर बसवण्याचा. निविदा निघते, मीटर बसतात आणि सहा महिन्यांनी कळते की उद्भवावरून, म्हणजे ज्या विहिरीतून, तलावातून किंवा कालव्यातून योजनेला पाणी येते तिथून, रोज किती पाणी उचलले जाते याचाच आकडा कुणाकडे नाही. मग घरांच्या मीटरची बेरीज ताडायची कशाशी? पैसे खर्च होतात, पण पाणी कुठे जाते ते कळत नाही.

क्रम असा हवा: उद्भव, टाकी, विभाग, घर आणि सर्वांत शेवटी दर. हवेली, मुळशी, मावळ, खेड भागांतल्या एक-दोन टाक्यांच्या गावयोजना आणि स्वतःचे पाणी चालवणाऱ्या मोठ्या सोसायट्या, दोघांनाही हाच क्रम लागू पडतो.

नियम नेमके काय मागतात

महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण अधिनियम, २००५ नुसार पाण्याचा हक्क घनफळात मोजला जातो. धरणाच्या किंवा कालव्याच्या ठोक पाण्याचे दर प्राधिकरण ठरवते. घरगुती वापराचे दरडोई निकषही आहेत आणि ते वस्तीच्या प्रकारानुसार बदलतात. जल जीवन मिशनमध्ये ग्रामीण घरांना दरडोई रोज ५५ लिटर, तेही आयएस १०५०० या पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाच्या गुणवत्तेचे, हे उद्दिष्ट आहे. नळयोजना आणि भुयारी गटार असलेल्या शहरांसाठी सीपीएचईईओ या पाणीपुरवठ्याच्या केंद्रीय तांत्रिक संस्थेची मार्गदर्शिका १३५ लिटर धरते. एकूण तुटीची, म्हणजे हिशोब न लागणाऱ्या पाण्याची, मर्यादा तिने १५ टक्के सांगितली आहे.

पुणे महापालिकेत २०१७ साली ११ आणि २०२१ साली २३ गावे आली. अशा हद्दीलगतच्या भागांत आपल्याला कोणता निकष लागू आहे हे लेखी विचारून घ्या. ५५ ऐवजी १३५ धरला तर पुढची सगळी गणिते चुकतात.

टप्पा १: तयारी आणि दिवसाची निवड

हिशोबासाठी फेब्रुवारी ते एप्रिल हा काळ उत्तम. जमीन कोरडी असते, त्यामुळे ओल लगेच दिसते. पावसाळ्यात सगळेच ओले असते आणि गळती लपते. जत्रेचा आठवडा आणि लग्नसराईचे मोठे मुहूर्त टाळा. उद्भव कालव्यावर किंवा कालव्यातून भरणाऱ्या साठवण तलावावर असेल तर आवर्तन, म्हणजे कालव्याला पाणी सोडण्याची पाळी, चालू असताना आणि बंद असताना अशा दोन वेळा मोजणी करा. विहिरीची पातळी बदलली की पंपाचा उपसाही बदलतो.

जवळ ठेवा: मोजपट्टी, टाकीत सोडायला वजन बांधलेली खुणांची दोरी, १० लिटरची बादली, २० लिटरचा खुणा केलेला कॅन, स्टॉपवॉच, ०-१० किलोचा दाबमापक, क्लोरीन तपासायचे ओटी किट आणि वही.

वहीत रोज लिहायचे रकाने: पंप चालू व बंद केल्याची वेळ, मुख्य मीटरचे वाचन, विजेच्या मीटरचे वाचन, टाकीची सकाळची व संध्याकाळची पातळी, शेवटच्या नळावरचे क्लोरीन. कुठला व्हॉल्व्ह किती वाजता उघडला हे व्हॉल्व्हमनने स्वतः लिहायचे. संध्याकाळी आठवून लिहिलेल्या वेळांत अर्ध्या तासाचा फरक सहज पडतो आणि तेवढ्याने हिशोब फिरतो.

जुना नकाशा असेल तर त्यावर भरवसा ठेवून काम सुरू करू नका. ज्या माणसाने वीस वर्षे व्हॉल्व्ह फिरवले आहेत त्याला सोबत घेऊन गाव फिरा. प्रत्येक व्हॉल्व्हवर क्रमांक रंगवा आणि कागदावर रेघा ओढा. डांबराखाली गाडला गेलेला एक व्हॉल्व्ह सापडला नाही तर टप्पा ४ करताच येत नाही.

टप्पा २: मुख्य मीटर बसवणे

मीटरचा आकार पाइपच्या व्यासावरून ठरवणे ही सर्वांत महागात पडणारी चूक. आकार प्रवाहावरून ठरवावा. १५० मिमी पाइपमधून पाणी सेकंदाला एक मीटर वेगाने गेले तर तासाला सुमारे ६४ घनमीटर होते. तुमचा पंप तासाला ३० घनमीटर देत असेल तर त्याच पाइपमध्ये वेग निम्म्यावर येतो. उपसा आणखी कमी असेल तर मीटर त्याच्या अचूक पट्ट्याच्या बाहेर जातो. अशा वेळी छोट्या व्यासाचा मीटर घ्या आणि दोन्ही बाजूंना रिड्यूसर (दोन वेगळ्या व्यासांचे पाइप जोडणारा तुकडा) लावा.

विद्युतचुंबकीय मीटर घेत असाल तर मीटरच्या आधी व्यासाच्या किमान ५ पट आणि नंतर २ ते ३ पट सरळ पाइप ठेवा. १५० मिमीसाठी म्हणजे आधी ७५० मिमी, नंतर ३०० ते ४५० मिमी. मीटरमागे लगेच एल्बो किंवा अर्धवट उघडा व्हॉल्व्ह असेल तर पाणी फिरत येते आणि वाचन चुकते. पाइप कायम पूर्ण भरलेला राहील अशी जागा निवडा. लाइनीच्या सर्वांत उंच टोकाला हवा अडकते, तिथे मीटर नको. अर्थिंग करून घ्या. नियंत्रणाचा व्हॉल्व्ह मीटरच्या पुढे ठेवा, मागे नको.

सावधान: पंपाच्या डिलिव्हरीला अगदी चिकटून मीटर लावू नका. एनआरव्ही (पाणी उलटे येऊ न देणारा व्हॉल्व्ह) बंद होताना बसणारा धक्का आणि पंपाची थरथर मीटरलाच सोसावी लागते.

मीटर बंद असेल तर ठोक पाण्याची आकारणी पंपाची क्षमता आणि चालण्याचे तास यांवर होण्याची वेळ येऊ शकते. जुन्या पंपाचा प्रत्यक्ष उपसा त्याच्या पाटीवरच्या आकड्यापेक्षा कमी असतो, म्हणून असे बिल साधारणपणे गावाच्याच अंगावर येते. संबंधित विभागाच्या प्रतिनिधीसमोर संयुक्त वाचन घ्या आणि सही केलेली प्रत स्वतःकडे ठेवा.

टप्पा ३: टाकीवरून मीटरची परीक्षा

उंच टाकी हे तुमच्या हातातले सर्वांत मोठे आणि सर्वांत स्वस्त मापपात्र आहे.

आतला व्यास प्रत्यक्ष मोजा, आराखड्यातला घेऊ नका. समजा, आतला व्यास ६ मीटर आहे. तळाचे क्षेत्रफळ २८.३ चौरस मीटर, म्हणजे पातळीतला प्रत्येक सेंटीमीटर सुमारे २८३ लिटर. हा आकडा टाकीच्या शिडीजवळ रंगवून ठेवा, पुढे रोज लागणार आहे.

आधी टाकीची गळती तपासा. रात्री टाकी भरा, आवक-जावक दोन्ही व्हॉल्व्ह बंद करा, पातळी टिपा, आठ तासांनी पुन्हा टिपा. ३ सेंमी घट म्हणजे सुमारे ८५० लिटर गेले. झाकलेल्या टाकीत बाष्पीभवन नगण्य असते, त्यामुळे ही घट भिंतीतून किंवा न बसणाऱ्या व्हॉल्व्हमधून झालेली असते. जावकच्या पाइपला कान लावा. व्हॉल्व्ह झिरपत असेल तर बारीक सळसळ ऐकू येते.

मग भरण्याची चाचणी. जावक बंद ठेवून पंप बरोबर एक तास चालवा. तासाला ३० घनमीटर मीटरवर दिसत असतील तर पातळी १०६ सेंमी चढायला हवी. १०० सेंमीच चढली तर टाकीत २८.३ घनमीटरच आले, म्हणजे मीटर आणि टाकी यांत पावणेसहा टक्क्यांचा फरक. फरक ५ टक्क्यांच्या आत असेल तर पुढे जा. जास्त असेल तर दोनच कारणे उरतात: मीटर चुकतोय किंवा पंपघर ते टाकी ही चढती लाइन गळतेय.

तपासणी: पंप बंद करा, दोन्ही टोकांचे व्हॉल्व्ह लावा, दाबमापक अर्धा तास बघा. काटा खाली आला तर लाइन गळते आहे. काटा स्थिर राहिला तर मीटर तपासायला पाठवा. टोकाचा व्हॉल्व्हच झिरपत असेल तरी काटा खाली येईल, म्हणून त्याची पॅकिंग आधी बघा.

विजेचे वाचन याच वेळी कामाला येते. ३० घनमीटर पाणी ६० मीटर चढवायला, पंपसंचाची एकूण कार्यक्षमता ५५ टक्के धरली तर, सुमारे ९ किलोवॉट लागतात, म्हणजे हजार लिटरला ०.३० युनिट. हा आकडा दर महिन्याला काढा. तो ०.३८ पर्यंत गेला तर पंपाचा इंपेलर (पाणी ढकलणारे चाक) झिजला असेल किंवा लाइनीत गाळ बसला असेल.

टप्पा ४: गावाचा ताळेबंद

ही मांडणी उदाहरणादाखल आहे, स्वतःचे आकडे घालून बघा. लोकसंख्या ४,२००, नळजोड ९००. मुख्य मीटरवर रोज सरासरी ३१० घनमीटर, म्हणजे उद्भवावर दरडोई ७४ लिटर. ५५ च्या निकषाला गावाला २३१ घनमीटर पुरतात. कागदावर पाणी भरपूर आहे, तरी शेवटच्या आळीत रोज ओरड. का?

घरचा वापर मोजण्यासाठी सगळ्या घरांना मीटर लागत नाही. ३६ घरे निवडा: १२ टाकीजवळची, १२ मधली, १२ शेवटची. त्यांत हौद असलेली, थेट नळावर भरणारी आणि भाडेकरूंची चाळ अशी तिन्ही प्रकारची घरे असू द्या. तात्पुरते मीटर लावून १५ दिवस वाचने घ्या. घरागणिक सरासरी २२८ लिटर आले, तर ९०० घरांचे २०५ घनमीटर. शाळा, अंगणवाडी, मंदिर, दवाखाना मिळून १२. टाकीच्या ओव्हरफ्लोतून किती जाते हे पातळी आणि पंपाच्या वेळेवरून काढले तर २५. बेरीज २४२. उरलेल्या ६८ घनमीटरचा पत्ता लागत नाही.

घराला दरडोई ४९ लिटरच मिळतात. नुसता ओव्हरफ्लो बंद करून ते २५ घनमीटर घरांकडे वळवले तर हा आकडा जवळपास ५५ वर जातो. नवीन विहीर किंवा नवी योजना मागण्याआधी हे गणित ग्रामसभेत मांडावे.

सावधान: निवडलेली सगळी घरे टाकीजवळची असतील तर वापर फुगतो आणि तूट कमी दिसते. सोय म्हणून ग्रामपंचायत कार्यालयामागची आळी घेतली की नेमके हेच होते.

मग विभाग तपासा. पंप बंद ठेवा आणि एका वेळी एकाच विभागाचा व्हॉल्व्ह उघडा. १५० घरांच्या पहिल्या विभागाला पाणी देताना टाकी १५० सेंमी उतरली, तर ४२.४ घनमीटर गेले, म्हणजे घरामागे २८३ लिटर. १४० घरांच्या दुसऱ्या विभागात १८० सेंमी उतरली, तर ५०.९ घनमीटर, घरामागे ३६३ लिटर. दुसऱ्या विभागात घरामागे ८० लिटर जास्त जातात. गळती शोधायला आधी तिथे जा. दोन्हीकडची घरे साधारण सारखी आहेत ना, हे मात्र आधी बघा. एका बाजूला गोठे आणि दुसऱ्या बाजूला फ्लॅट असतील तर तुलना टिकत नाही.

टप्पा ५: गळती शोधणे आणि थांबवणे

कामांचा क्रम: ओव्हरफ्लो, व्हॉल्व्हच्या ग्लँड (दांड्याभोवतीचे पॅकिंग), नळजोड, मग मुख्य लाइन. बरीच गावे सरळ मुख्य लाइन उकरायला घेतात. एक मोठा फुटलेला पाइप दोन दिवसांत सापडतो आणि दुरुस्त होतो. शंभर झिरपणाऱ्या सॅडल (मुख्य लाइनीवर नळजोड काढायच्या पट्ट्या) वर्षानुवर्षे तशाच राहतात, त्यांतून एकूण पाणी जास्त जाते.

ओव्हरफ्लोसाठी लेव्हल सेन्सर आणि पंपाचा आपोआप बंद होणारा स्टार्टर लावा. तासाला ३० घनमीटरच्या पंपाने रोज २५ घनमीटर सांडत असेल, तर तो ५० मिनिटे वाया चालतो. महिन्याला सव्वादोनशेच्या आसपास युनिटे वीज त्यात जाते.

नळजोडाची गळती मोजायला बादली पुरते. खड्ड्यातले पाणी नळीने बादलीत घ्या. १० लिटर ४० सेकंदांत भरले तर तासाला ९०० लिटर. पाणी रोज तीन तास असेल तर २,७०० लिटर, म्हणजे ५५ च्या हिशोबाने ४९ माणसांचे पाणी. हा आकडा तिथेच, त्या घरासमोर सांगितला की लोक दुरुस्तीला स्वतः फावडे घेऊन येतात.

पुण्याच्या पश्चिमेला मुरूम आणि फटींचा कातळ आहे. तिथे फुटलेले पाणी वर येत नाही, खालून ओढ्याला लागते. पूर्वेकडे दौंडच्या वाटेवर काळी माती फुगते आणि आकसते, त्यामुळे सांधे सुटतात. तिकडे ऐन उन्हाळ्यात आणि पहिल्या पावसानंतर सांध्यांवर नजर ठेवा.

व्हॉल्व्हच्या खड्ड्यात पाणी साचले असेल तर ते गळतीचे की सांडपाण्याचे, हे ओटी किटने कळते. पिवळा रंग आला तर नळाचेच पाणी आहे. रंग आला नाही म्हणून निर्धास्त होऊ नका. चिखलात क्लोरीन लवकर संपते.

दाब वाढला की त्याच भोकातून पाणीही जास्त जाते. कडक पाइपला भोक असेल तर दाब निम्मा केल्यावर गळती सुमारे ३० टक्के घटते. प्लॅस्टिक पाइपला लांब चीर असेल तर त्याहून जास्त. दाब मीटरमध्ये, म्हणजे पाणी किती उंच चढेल त्यावर, मोजतात: एकमजली घरांना ७ मीटर, दुमजलींना १२ आणि तिमजलींना १७ मीटर दाब पुरतो. उतारावरच्या आळीत ३० मीटर दाब ठेवून काही साधत नाही. तिथे दाब कमी करणारा व्हॉल्व्ह लावा किंवा उंचावरच्या आणि खालच्या आळीला वेगळ्या वेळा द्या.

सावधान: नळजोडाचा पाइप गटारातून किंवा गटाराला चिकटून गेला असेल तर त्याला पहिला नंबर द्या, पाणी कमी जात असले तरी. पुरवठा बंद झाला की लाइनीत पोकळी तयार होते आणि भोकातून गटार आत ओढले जाते. घरातली मोटार थेट नळाला जोडली असेल तर हा धोका वाढतो. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता परिसरात जीबीएसचे (गियाँ-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे) रुग्ण वाढले आणि पाण्याच्या शुद्धतेचा प्रश्न घराघरांत पोचला.

दुरुस्तीनंतर तो भाग धुऊन काढा. शेवटच्या नळावर क्लोरीन ०.२ मिलिग्रॅम प्रति लिटर मिळेपर्यंत पाणी प्यायला सोडू नका. जलसुरक्षकाची (गावातल्या पाण्याच्या शुद्धतेवर लक्ष ठेवणाऱ्याची) सही झाल्याशिवाय खड्डा बुजवायचा नाही, असा नियम ग्राम पाणीपुरवठा व स्वच्छता समितीने करून घ्यावा.

टप्पा ६: आता घरोघरचे मीटर

घरगुती जोडाला १५ मिमीचा, आयएस ७७९ या पाणीमीटरच्या भारतीय मानकाचा, बी वर्गाचा मल्टिजेट मीटर पुरतो. तो तासाला ३० लिटर इतका कमी प्रवाहही टिपतो. १२० लिटरच्या वर चूक २ टक्क्यांच्या आत आणि ३० ते १२० मध्ये ५ टक्क्यांच्या आत हवी.

माल आल्यावर प्रत्येक खोक्यातले पाच मीटर तपासा. नेहमीच्या प्रवाहाने १०० लिटर सोडा: वाचन ९८ ते १०२ मध्ये हवे. मग नळ बारीक करून मिनिटाला एक लिटर सोडा, २० मिनिटे: वाचन १९ ते २१ मध्ये हवे. दुसरी चाचणी वगळली जाते, आणि नेमक्या तिथेच स्वस्त मीटर हरतात.

मीटर आडवा, तबकडी वर, जाळी आत, पेटीला कुलूप. तिरका बसवला तर हळू प्रवाहात तो फिरत नाही. हौदाला फ्लोट व्हॉल्व्ह असेल तर शेवटची भर थेंबाथेंबाने होते आणि मीटर ती टिपत नाही. पूर्ण उघडा किंवा पूर्ण बंद होणारा फ्लोट बसवायला सांगा. दिवसाआड पाणी असेल तर पाणी येताना लाइनीतली हवा मीटर जोरात फिरवते. लाइनीच्या उंच टोकांवर एअर व्हॉल्व्ह बसवल्याशिवाय बिले सुरू करू नका. हवेचे पैसे घेतले असे गावाला वाटले की वसुली बुडालीच.

अनधिकृत जोडांसाठी ठरावीक मुदतीची नियमित करण्याची योजना आणा, आळीनुसार. आधी गावभर दवंडी, मग यादी, मग तोडणी. उलट केले तर वाद होतात आणि यादी अर्धवट राहते.

टप्पा ७: दर आणि पाणीपट्टी

पाच माणसांच्या घराला ५५ लिटरने महिन्याला सुमारे ८,२५० लिटर लागतात. पहिला टप्पा म्हणून ९ ते १० हजार लिटरपर्यंतचा दर परवडणारा ठेवा. त्यावर चढते दर, आणि गॅरेज, हॉटेल, बांधकाम यांना वेगळा दर. ग्रामसभेच्या मंजुरीनंतर तीन महिने नमुना बिले द्या, पैसे न घेता. त्यांत चुकीचे मीटर आणि घरातली गळती दोन्ही उघडी पडतात.

टप्पा ८: वर्षाचे विवरण

जलवर्ष १ जुलै ते ३० जून धरा. दर महिन्याचे उचललेले पाणी, घरांचे, सार्वजनिक आणि तूट, एका पानावर. मंजूर कोट्याच्या शेजारी प्रत्यक्ष आकडा लिहा. १५ ऑक्टोबरच्या धरणसाठ्यावरून वर्षाचे नियोजन होते, त्यामुळे निदान सप्टेंबरअखेर गेल्या वर्षाचे पान तयार असू द्या. पाणी कमी पडण्याचे वर्ष आले तर मागणी मांडताना हेच पान पुढे ठेवता येते.

तपासणी: सलग तीन महिने तूट एकच आकडा दाखवत असेल, अगदी ३० टक्के बरोबर, तर मोजणी होत नाहीये, कुणीतरी आकडा लिहून ठेवतोय. वही मागवा, आणि दोरी घेऊन स्वतः टाकीवर चढा.